निशाचराची दिवसपाळी

निजामपुऱ्यात रात्र होते ती घड्याळात. कानाला ती कळत नाही. संध्याकाळी दिवसपाळीचा कामगार हातातला माग सोडून बाहेर पडतो, रातपाळीचा आत शिरतो, आणि धोट्याची खटखट होती तशीच पुढे चालू राहते. ‘भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिका’ या अधिकृत नावात हे निजामपूर आहे, पण बाहेरच्या माणसाला भिवंडी ठाऊक असते ती यंत्रमागांची आणि गोदामांची. बारा-बारा तासांच्या पाळ्या, मीटरवर मोजली जाणारी मजुरी, बिस्सीतलं म्हणजे कामगारांच्या खानावळीतलं जेवण, आणि कितीतरी खोल्यांमध्ये दोघांत मिळून एक पथारी: रात्री एकाची, दिवसा दुसऱ्याची.

अंधारात जागणारा आणि उजेडात झोपणारा जो कुणी असेल त्याच्यासाठी आपल्या भाषेत फार जुना शब्द आहे. निशाचर. अर्थ अगदी साधा, रात्री हिंडणारा. पण कोश उघडला की त्या शब्दापुढे राक्षस, पिशाच्च, घुबड, चोर अशी रांगच उभी असते. रात्री हिंडणारा आपला असूच शकत नाही, हा निवाडा भाषेने केव्हाच देऊन ठेवला आहे.

पुढच्या पानांचा विषय आहे या निशाचराचं माणसावर जडलेलं प्रेम. इंग्रजी पुस्तकं आणि सिनेमे यांमुळे आज हा विषय ‘व्हॅम्पायर’ या नावाने ओळखीचा झाला आहे: शतकानुशतकं जगलेला, फिकट चेहऱ्याचा, रक्तावर जगणारा कुणीतरी, आणि त्याच्या प्रेमात पडलेली एक साधी मुलगी. ते प्रेम टिकायचं तर दोघांपैकी एकाने आपली जात सोडायला हवी. एक तर तिने रक्तपिपासू व्हायचं, नाहीतर त्याने माणूस व्हायचं. इथवरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. माणूस व्हायचं ठरलं की त्याची किंमत नेमकी कोण चुकती करतं, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. आणि या प्रश्नासाठी ट्रान्सिल्व्हेनियापर्यंत जायची गरज नाही. भिवंडीच्या अंगावरून जाणारा नाशिकचा रस्ता धरला तरी उत्तराच्या जवळ पोचता येतं.

आधी शब्दाचं बघू. व्हॅम्पायरला मराठीत नेमका शब्द नाही. ‘रक्तपिपासू’ हे विशेषण झालं, नाव नव्हे. भुतांची नावं मात्र आपल्याकडे भरपूर: हडळ, जखीण, मुंजा, समंध, वेताळ, खवीस. यातला खवीस अरबी ‘खबीस’वरून आला, म्हणजे दुष्ट. कोकणी मुसलमानांच्या जुन्या वस्तीत, जिथे घरात बोलायची भाषा कोकणी-मराठीच्या कुळातली आणि पोथीची भाषा अरबी, तिथे या शब्दाचा प्रवास समजावून सांगावा लागत नाही. भुतंही माणसांसारखीच बंदरांतून आली आणि इथली झाली. पण या सगळ्या यादीत रक्त पिऊन अमर राहणारा आणि तरीही प्रेम करणारा असा कुणी नाही. इंग्रजांनी जेव्हा शोध घेतला तेव्हा त्यांना त्यातल्या त्यात वेताळ जवळचा वाटला.

रिचर्ड बर्टन तरुणपणी मुंबई इलाख्याच्या फौजेत होता आणि त्याने मराठीची परीक्षाही दिली होती. १८७० साली त्याने वेताळाच्या पंचवीस गोष्टींपैकी अकरा गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाच्या नावात वेताळाला सरळ ‘व्हॅम्पायर’ करून टाकलं. हे भाषांतर चुकीचंच होतं. वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लटकतो, राजाच्या खांद्यावर बसून कोडी घालतो. रक्ताशी त्याला काही देणंघेणं नाही. पण चूक मोलाची ठरली. पुढे हाच बर्टन लंडनमध्ये ब्रॅम स्टोकर नावाच्या नाट्यव्यवस्थापकाला भेटला. त्या भेटीच्या आठवणी स्टोकरने १९०६ साली छापल्या, आणि त्यांत बोलताना वर उचलला जाणारा बर्टनचा ओठ आणि त्याखालचा सुळा यांचं वर्णन त्याने आवर्जून केलं. मधल्या काळात, १८९७ मध्ये, त्याची ‘ड्रॅक्युला’ येऊन गेलेली होती. या दोन गोष्टींमधून घाईने निष्कर्ष काढू नये. तरी वेताळाचा मराठी शिकलेला भाषांतरकार आणि ड्रॅक्युलाचा जन्मदाता एका टेबलाशी बसले होते, एवढं खरं.

वेताळाच्या गोष्टी मुळात जिथून निघाल्या ती जागा तर आपल्याच मातीतली आहे.

या गोष्टी ज्यात येतात तो ‘कथासरित्सागर’ काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचला. तो ज्या ग्रंथावर उभा आहे त्या ‘बृहत्कथे’चा कर्ता गुणाढ्य. त्याचं गाव प्रतिष्ठान, म्हणजे गोदाकाठचं पैठण, आणि तो सातवाहन राजाच्या दरबारी. सोमदेवाने सांगितलेली त्याची हकिकत अशी. शिव पार्वतीला एकांतात नवी कथा सांगत असता पुष्पदंत नावाच्या गणाने ती चोरून ऐकली. पार्वतीने त्याला मनुष्यजन्माचा शाप दिला. माल्यवान नावाचा दुसरा गण मित्रासाठी रदबदली करायला गेला, तर तोही शापाचा धनी झाला. हा माल्यवान म्हणजेच गुणाढ्य. तेव्हा मराठी मुलुखातल्या आद्य कथाकाराला माणूस होणं हे बक्षीस म्हणून मिळालेलं नाही. शिक्षा म्हणून मिळालं आहे.

पुढची गोष्ट विनोदी सुरू होते आणि रक्तात संपते. जलक्रीडेत राणी राजाला म्हणाली, पाणी उडवू नका. ‘मा उदकैः’ या शब्दांचा संधी झाला ‘मोदकैः’, आणि संस्कृत न येणाऱ्या राजाने मोदक मागवले. खजील झालेल्या राजाला व्याकरण शिकायची ओढ लागली. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. दरबारातला दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. गुणाढ्याने पैज लावली की तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. तो हरला. बोलायला भाषाच उरली नाही म्हणून तो मुका होऊन विंध्याच्या रानात गेला, तिथे पिशाच्चांची भाषा शिकला, आणि शापाने पिशाच्च झालेल्या काणभूतीच्या तोंडून ती दिव्य कथा ऐकून सात वर्षांत सात लाख श्लोक लिहिले. रानात शाई नव्हती. लिहिले ते स्वतःच्या रक्ताने.

राजाने ग्रंथ परत पाठवला. भाषा पिशाच्चांची आणि अक्षरं रक्ताची, असलं कोण वाचणार? मग गुणाढ्य एका टेकडीवर अग्निकुंड पेटवून बसला. एकेक पान जनावरांना वाचून दाखवायचं आणि आगीत टाकायचं. हरणं, रानडुकरं, रेडे चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. इकडे राजाच्या ताटातलं मांस बेचव झालं. जनावरं खात नव्हती, मांस वाळकं येत होतं. कारण शोधत राजा तिथे पोचला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरला एक लाख.

रक्तपिपासू दुसऱ्याचं रक्त घेऊन जगतो. गुणाढ्याने स्वतःचं दिलं, तेही पिशाच्चाची गोष्ट माणसांपर्यंत पोचवायला. पश्चिमेकडच्या व्हॅम्पायरकथेला याच्या तोडीची सुरुवात नाही, हे अभिमानापोटी म्हटलेलं नाही. निशाचराची बाजू ऐकून घ्यायची तर ऐकणाऱ्याचंही काहीतरी जातं, हे या गोष्टीत स्वच्छ दिसतं म्हणून म्हटलं.

ड्रॅक्युलाच्या कथेत प्रेम बरंच उशिरा आलं. स्टोकरच्या कादंबरीत काउंट शिकारी आहे, प्रियकर नाही. उन्हाने तो मरतही नाही. लंडनच्या रस्त्यावर भर दिवसा हिंडतो, फक्त त्याची ताकद ओसरलेली असते. ऊन जीवघेणं झालं ते १९२२ साली, मुर्नाऊच्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटात. त्यात एलेन नावाची बाई पहाटेपर्यंत काउंटला आपल्यापाशी अडकवून ठेवते, कोंबडा आरवतो, आणि तो विरून जातो. तीही वाचत नाही. स्टोकरच्या पत्नीने हक्कभंगाचा दावा लावून या चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला होता. काही प्रती वाचल्या, आणि त्यांच्याबरोबर उजेडाने मरणारा प्रियकरही वाचला. पुढे १९९२ साली कपोलाने आपल्या चित्रपटात ड्रॅक्युलाला मेलेल्या बायकोच्या शोधात शतकं ओलांडणारा विरही करून टाकलं, आणि तेव्हापासून तरुण वाचकांच्या मनात व्हॅम्पायर म्हणजे आधी प्रेमी, मग राक्षस असा क्रम बसला. मराठीत नारायण धारपांच्या ‘लुचाई’मधले रक्तपिपासू भीती घेऊन आले, प्रेम त्यांच्या वाट्याला आलं नाही.

आता नाशिकचा रस्ता.

पंचवटीत रामाची पर्णकुटी होती असं परंपरा मानते, आणि ‘नासिक’ हे नाव शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून आलं असं गावातलं पोरही सांगतं. नऊ शिखरांवरून नाव आलं असंही सांगणारे आहेत. पण लोकांनी धरून ठेवलं ते नाकच. महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहराच्या नावात, लोकसमजुतीपुरतं का होईना, प्रेम मागायला आलेल्या एका राक्षसीची जखम आहे. रोज लाखो माणसं हा शब्द उच्चारतात, आणि तिचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

वाल्मीकीच्या अरण्यकांडात ती येते तशी सरळ येते. राम सुंदर, ती कुरूप. तो तरुण, ती वृद्ध. कवी एकेका जोडीने फरक दाखवत जातो. ती आपलं नाव, कूळ, भावांची नावं काही लपवत नाही, आणि मनातली इच्छाही लपवत नाही. तमिळ कंबरामायणात मात्र ती लावण्यवती होऊन येते, म्हणजे मानवी रूप घेते. राम थट्टेने तिला लक्ष्मणाकडे पाठवतो, लक्ष्मण थट्टेने परत रामाकडे. थट्टा आहे हे तिला कळत नाही. ती चिडून सीतेवर धावते, आणि लक्ष्मण तिचे नाक-कान कापतो. सीतेवर धावणं हा गुन्हाच होता, त्यात शंका नाही. पण त्याआधीचा थट्टेचा खेळ वाचताना आजच्या वाचकाला अवघडल्यासारखं झालं तर ते अवघडलेपण दाबू नये. उत्तरकांडात कळतं की ही बाई विधवा होती आणि तिच्या नवऱ्याला, विद्युज्जिह्वाला, रावणानेच युद्धात मारलं होतं. एका घरी भावाने नवरा घेतला, दुसऱ्या दारी नाक गेलं.

हान्स अँडरसनच्या १८३७ सालच्या गोष्टीतली जलपरी माणसाचे पाय मिळवायला जीभ कापून देते, आणि पुढचं प्रत्येक पाऊल तिला सुरीवर चालल्यासारखं दुखतं. कोपनहेगन आणि पंचवटी यांच्यामध्ये दोन हजार वर्षं आणि अर्धं जग आहे, तरी हिशेब सारखाच: माणसावर प्रेम करायला आलेलीने शरीराचा एक तुकडा ठेवून जायचा.

दुसरी राक्षसी मात्र स्वीकारली गेली. तिची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, आणि या विषयाचा खरा गाभा तिच्यापाशीच आहे.

लाक्षागृहातून निसटलेले पांडव रानात झोपले आहेत, भीम एकटा जागा आहे. झाडावरच्या हिडिंब राक्षसाला माणसाच्या मांसाचा वास येतो. तो बहिणीला सांगतो, जा, मारून घेऊन ये, मग आपण दोघं खाऊ आणि नाचू. हिडिंबा येते, भीमाला पाहते, आणि मनाशी एक हिशेब करते. भावाला आणि आपल्याला मिळणारं समाधान घडीभराचं; या पुरुषाबरोबरचं सुख वर्षानुवर्षांचं. मग ती माणसाचं रूप घेते, दागिने घालते, आणि लाजत भीमासमोर उभी राहते. शिकारी भक्ष्याच्या प्रेमात पडल्याची याहून जुनी आणि याहून नेमकी गोष्ट आपल्याकडे क्वचितच सापडेल. नरभक्षण आहे, रात्र आहे, रूप पालटणं आहे. आजच्या व्हॅम्पायरकथेत जे जे लागतं ते सगळं इथे आदिपर्वात आहे.

भीम तिच्या भावाला मारतो. आणि लगेच तिच्याकडे वळून म्हणतो, राक्षस मायावी असतात, वैर विसरत नाहीत, तूही भावाच्या वाटेने जा. युधिष्ठिर त्याला अडवतो. मग हिडिंबा कुंतीसमोर हात जोडते. तिच्या बोलण्याचा आशय असा, की मी सोबती सोडले, स्वधर्म सोडला, स्वजन सोडले आणि तुझ्या मुलाला वरलं. भावाच्या प्रेताशेजारी उभी राहून ती हे बोलते आहे.

आणि युधिष्ठिर अट घालतो. दिवसा, भीमाचं स्नान-आन्हिक आटोपल्यावर, सूर्य मावळेपर्यंत त्याला घेऊन जा, हवं तिथे विहार कर. रात्री मात्र त्याला इथे परत आणून सोडायचं. भीम आणखी एक अट जोडतो: मुलगा होईपर्यंतच.

या अटीपाशी थांबायला हवं. निशाचरीला प्रेम मिळालं ते फक्त दिवसा. जी रात्रीची, जिची ताकद रात्रीची, तिची रात्र काढून घेतली आणि तिला दिवसपाळी दिली. नोस्फेराटू पहाटे मेला, कारण उजेड त्याच्या जातीला वर्ज्य. हिडिंबेला माणसांनी उजेडातच ठेवलं, कारण अंधारात तिचा भरवसा नव्हता. तिने ही अट मान्य केली. पर्वतशिखरांवर, तळ्यांकाठी, समुद्रतीरावर ती भीमाला आकाशातून घेऊन हिंडली, आणि रोज संध्याकाळी नेऊन सोडत राहिली. मुलगा झाला. डोकं घड्यासारखं, केसांविना, म्हणून घटोत्कच. राक्षसांची मुलं जन्मतःच वाढतात, तसा तोही वाढला. करार संपला होता. हिडिंबा निरोप घेऊन निघून गेली.

अट घालणं आपल्या कथांना नवं नाही. उर्वशीने पुरूरव्याला अटी घातल्या, गंगेने शंतनूला घातल्या. अट मोडली तेव्हा त्या निघून गेल्या आणि राजे रडत बसले. वरून, देवलोकातून आलेली स्त्री अटी घालते. रानातून आलेलीवर अटी घातल्या जातात. प्रेम दोन्हीकडे सारखंच उत्कट आहे. फरक आहे तो कोण कुठून आलं याचा.

निजामपुऱ्यासारख्या उर्दू वाचणाऱ्या मोहल्ल्यांना या अटींचं तिसरं रूपही परकं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मीर हसनने रचलेल्या ‘सहरुल बयान’ या मसनवीत माहरुख परी शहजादा बेनझीरला पळवून नेते, आणि तो उदास दिसतो म्हणून त्याला संध्याकाळपुरता उडता घोडा देते. अट एकच, दुसरीवर जीव लावायचा नाही. तो लावतोच, आणि विहिरीत कैद होतो. पण त्याच मसनवीत जिनांचा शहजादा फिरोजशाह माणसाच्या मुलीवर, नजमुन्निसावर, भाळतो. जोगिणीच्या वेशात बीन वाजवत ती बेनझीरला शोधत निघालेली असते. तिचं मन जिंकायला फिरोजशाह त्या कैद्याचा ठाव लावून देतो, आणि शेवटी दोघांचं लग्न होतं. निशाचरांच्या प्रेमकथांत असा आनंदी शेवट दुर्मिळ. तोही आधी काम, मग लग्न या बोलीवर.

काम हा शब्द इथे आला आहे तर घटोत्कचाकडे वळावं. निरोप घेताना त्याने पित्याला शब्द दिला होता की आठवण काढाल तेव्हा हजर होईन. पांडवांनी आठवण काढली ती कामाच्या वेळी. वनवासात डोंगर चढताना द्रौपदी कोसळली, घटोत्कच आला आणि तिला खांद्यावर घेऊन गेला. मराठी आणि तेलुगू लोकपरंपरेत तर तो वत्सलाहरणाचा सूत्रधार: अभिमन्यूचं मामाच्या मुलीशी लग्न व्हावं म्हणून मायेचा सगळा खेळ रचतो. बाबूराव पेंटरांनी १९२१ साली ‘सुरेखाहरण’ हा मूकपट काढला तो याच कथेवर, आणि त्यात कृष्णाच्या भूमिकेत व्ही. शांताराम पहिल्यांदा पडद्यावर आले. ज्याच्या आईला सासर लाभलं नाही, त्याने चुलतभावाचं लग्न लावून दिलं.

मग युद्धाची चौदावी रात्र. जयद्रथ पडला तरी लढाई थांबली नाही, मशाली पेटवून चालू राहिली. कर्ण पांडवसेनेची चाळण करत होता. तेव्हा कृष्णाने घटोत्कचाला बोलावलं; कारण रात्री राक्षसांचं बळ वाढतं. आईला रात्र नाकारली होती, मुलाला रात्रीच्याच कामाला जुंपलं. त्याच रात्री त्याचा मुलगा अंजनपर्वा अश्वत्थाम्याच्या हातून मेला. घटोत्कचाने कौरवांची अशी दाणादाण उडवली की कर्णाला अर्जुनासाठी राखून ठेवलेली इंद्राची शक्ती त्याच्यावर टाकावी लागली. पडता पडताही त्याने देह वाढवला आणि कौरवांची एक अक्षौहिणी खाली चिरडली.

पांडव रडत होते, आणि कृष्ण आनंदाने अर्जुनाला मिठी मारत होता. कर्णाची शक्ती संपली, अर्जुन वाचला. अर्जुनाने कारण विचारल्यावर तो आणखी पुढे जाऊन सांगतो की कर्णाने याला मारलं नसतं तर मलाच मारावं लागलं असतं. हा यज्ञांचा आणि ब्राह्मणांचा द्वेष्टा होता. व्यासांनी हे झाकून ठेवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. युधिष्ठिराला मात्र राहवत नाही. या मुलाने वनवासात काय काय केलं, द्रौपदीला पाठीवरून कसं नेलं, हे तो आठवत राहतो.

युद्धानंतर स्त्रीपर्वात गांधारी रडते, उत्तरा रडते, कौरवांच्या बायका रणभूमीवर आपापली माणसं शोधतात. हिडिंबा तिथे नाही. तिला कुणी निरोप धाडला का, तेही कवी सांगत नाही. तिची आठवण दुसऱ्यांनीच ठेवली. हिमाचलात मनालीला देवदारांच्या रानात तिचं लाकडी मंदिर आहे, १५५३ साली राजा बहादुरसिंगाने बांधलेलं. कुल्लूचं राजघराणं तिला आजी मानतं आणि ती आल्याशिवाय तिथला दसरा सुरू होत नाही. मुलाच्या नावाची एक जागा आपल्याकडेही आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत जंजाळा गावाजवळची घटोत्कच लेणी. लेणी बौद्ध आहेत, वाकाटक राजा हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याचा शिलालेख तिथे आहे, महाभारताशी त्यांचा संबंध नाही. पण दगड फोडून एवढं काम रात्रीतून कुणी केलं असेल, असा प्रश्न गावकऱ्यांना पडला असणार, आणि त्यांना नाव सुचलं ते याचंच.

माणूस न होताही माणसांत राहता येतं का? कोकणात याचं एक उत्तर मिळतं. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा म्हणजे भुतांचा राजा वेताळच, पण तिथे तो गावचा राखणदार आहे. रात्री तो गावाच्या हद्दीवरून फेरी घालतो अशी श्रद्धा, म्हणून लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, केळीचा घड वाहतात. आणि त्या वहाणांचे तळ झिजतात असं गाव सांगतं. त्याने रात्र सोडलेली नाही. त्याला दिवसाची अट नाही. झिजलेली वहाण म्हणजे त्याची हजेरी, आणि नवी वहाण म्हणजे गावाने ठेवलेली जाण. यात प्रेमकथा नाही. तरी हिडिंबेला जे मिळालं त्याहून हे अधिक आहे असं वाटतं.

अलीकडे मराठी दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी ही भुतं हिंदी पडद्यावर नेली. २०२४च्या ‘मुंज्या’त सोडमुंज होण्याआधी मेलेला मुलगा पिंपळावरून आपल्या मुन्नीला पिढ्यान्‌पिढ्या मागत राहतो, आणि २०२५च्या ‘थामा’त बेताळ जमातीतली स्त्री एका पत्रकाराच्या प्रेमात पडते. बर्टनने चुकून जोडलेले दोन शब्द दीडशे वर्षांनी एका हिंदी सिनेमात खरोखरच एक झाले. हा बेताळ आता सुळ्यांसह आला आहे.

भिवंडी तालुक्यातच, तानसा नदीच्या काठी, वज्रेश्वरी आहे. वसई जिंकली तर मंदिर बांधीन असा नवस चिमाजी अप्पाने केला आणि १७३९च्या विजयानंतर तो फेडला गेला. आसपास, अकलोली आणि गणेशपुरीला, गरम पाण्याची कुंडं आहेत. पाणी तापतं ते जमिनीखालच्या उष्णतेने. पण जुनी माणसं सांगतात की देवीने मारलेल्या राक्षसांचं हे रक्त आहे, म्हणून अजून गरम. आणि त्याच पाण्यात लोक अंगदुखी, सांधेदुखी, त्वचेचे विकार बरे व्हावेत म्हणून उतरतात. ज्यांना गावाबाहेर ठेवलं, मारलं, त्यांच्याच रक्ताने आपली दुखणी बरी होतात अशी ही श्रद्धा. ती मानायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण ती रचणाऱ्या मनाला राक्षसांचं देणं जाणवत होतं हे खास.

कार्ल मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात कामाच्या तासांविषयी लिहिताना भांडवलाला रक्तपिपासूची उपमा दिली, आणि रात्रपाळीवर बरीच पानं खर्च केली. ती उपमा आजवर पुष्कळांनी वापरली आहे. भिवंडीत उभं राहून मात्र तिच्यातली एक बाजू वेगळी दिसते. इथे उजेडाला पाठ करून झोपणारा रक्त पिणारा नसतो; ज्याचं रक्त आटतं तोच दिवसा खिडकीला पोतं लावून झोपलेला असतो. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून आलेला. त्याचं घर, बायको, मुलं गावाकडे. वर्षातून थोडे दिवस तो त्यांच्यात माणूस म्हणून राहतो, आणि दिवस भरले की परत येतो. सणाला, लग्नाला, मरणाला त्याची जी काय हजेरी लागते ती रजेच्या अटीवर.

पुढच्या गोष्टी वाचताना सुळे, वटवाघळं आणि शवपेट्या यांच्यावर नजर खिळेल, ते स्वाभाविक आहे. त्या गोष्टी रंजक आहेत आणि रंजक असायलाच हव्यात. फक्त प्रत्येक गोष्टीत अट कुणी घातली, ती किती वाजेपर्यंतची होती, आणि मुदत संपल्यावर कोण निघून गेलं, एवढं वाचकाने शोधत जावं. सकाळी निजामपुऱ्यात पाळी बदलते. रातपाळीचा माणूस कपड्यांवरचं कापसाचं पीस झटकत बाहेर येतो, टपरीवर चहा घेतो, उन्हाकडे डोळे बारीक करून बघतो आणि खोलीकडे निघतो. पथारीवरचा माणूस एव्हाना उठून गेलेला असतो. पथारी अजून गरम असते.